ॲसिडिटीची गोळी, मॅग्नेशियम आणि झटके: उशिरा लागलेला दुवा

ओमेप्राझोल हे ॲसिडिटीवरचं औषध १९८८ मध्ये बाजारात आलं. जठरात आम्ल सोडणारा पंपच ते बंद पाडतं, त्यामुळे अल्सर आणि जळजळीवर त्याचा गुण आधीच्या औषधांपेक्षा खूपच चांगला होता. पुढे पँटोप्राझोल, राबेप्राझोल वगैरे आली. काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं चालू राहिली.

२००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा दोन रुग्णांची नोंद छापून आली. त्यांचं मॅग्नेशियम घसरलं होतं आणि त्यापाठोपाठ कॅल्शियमही. म्हणजे औषध येऊन १८ वर्षं झाल्यावर! माझ्या मते उशिराचं मोठं कारण साधं आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत सोडियम-पोटॅशियम बघतात, मॅग्नेशियम बहुधा मुद्दाम सांगावं लागतं. शिवाय तक्रारीही फसव्या: मुंग्या, हात थरथरणं, पेटके, तोल जाणं, कधी थेट फिट. पोटाच्या गोळीवर संशय जाणार कसा?

मॅग्नेशियम-कॅल्शियम घसरल्याची खूण मात्र डोळ्यांना दिसते. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर फुगवून तीन मिनिटं तसाच ठेवला, की मनगट वाकतं, अंगठा तळहातात ओढला जातो आणि बोटं सरळ ताठ होऊन एकमेकांना चिकटतात. रुग्णाला ती सोडवता येत नाहीत.

मॅग्नेशियम मेंदूतल्या चेतापेशींवरच्या उत्तेजना वाढवणाऱ्या सूक्ष्म दारांना (आयन चॅनेल) आवर घालतं. ते कमी झालं की चेतापेशी सहज पेटतात. त्यात रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावून कॅल्शियम उतरतं, मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जातं. अशा वेळी नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही, आधी मॅग्नेशियम भरून काढावं लागतं. मुळात या गोळ्यांमुळे आतड्यातलं त्याचं शोषण घटतं, असा आजचा अंदाज आहे.

मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने या गोळ्यांबद्दल इशारा दिला. बहुतेक रुग्ण वर्षाहून अधिक काळ गोळी घेणारे होते. सुमारे एक चतुर्थांश जणांत वरून मॅग्नेशियम देऊनही पातळी सुधारेना, गोळीच थांबवावी लागली. थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात पातळी पूर्ववत झाली, आणि पुन्हा सुरू केल्यावर दोनेक आठवड्यांत परत घसरली. कारण गोळीच, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. दीर्घकाळ गोळी द्यायची असेल तर आधीच मॅग्नेशियम तपासण्याचा विचार करा, असं त्याच इशाऱ्यात डॉक्टरांना सांगितलं होतं. लघवी वाढवणारी औषधं किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांचा त्यात खास उल्लेख होता.