प्लॅटिनम हेक्झाफ्लोराईड

प्लॅटिनम हेक्झाफ्लोराईड म्हणजे प्लॅटिनमच्या एका अणूभोवती सहा फ्लोरिन, वर एक, खाली एक आणि चार बाजूंना चार. गडद लाल स्फटिक असतात, ६१ डिग्री सेल्सियसच्या आसपास वितळतात आणि ६९ ला उकळतात सुद्धा, वाफ पण लालच. धातूचं संयुग एवढ्या कमी तापमानाला उडून जातं कारण फ्लोरिननी धातूला सगळीकडून झाकलेलं असतं, मग शेजारच्या रेणूला धरून ठेवायला फारसं काही उरत नाही.

अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत १९५७ च्या सुमारास हे पहिल्यांदा बनलं. प्लॅटिनमची तार फ्लोरिनमध्ये जाळायची आणि वाफ लगेच लिक्विड नायट्रोजनने गार केलेल्या भागावर गोठवायची, उशीर झाला तर फ्लोरिन सोडून देतं. ओलावा अजिबात चालत नाही, पाणी लागलं की जोरात रिअ‍ॅक्शन होऊन हायड्रोजन फ्लोराईड तयार होतं आणि ते काच खातं, म्हणून निकेल किंवा मोनेलची (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) भांडी बरी.

पण खरी गंमत त्याच्या भुकेत आहे. इथे प्लॅटिनम +६ ला असतं, म्हणजे त्याचे सहा इलेक्ट्रॉन फ्लोरिनकडे गेलेत असं धरतात, तिथे ते टिकून राहायला तयार नसतं, एक इलेक्ट्रॉन ओढून +५ ला यायला बघतं आणि तो कुणाचाही चालतो. कॅनडात व्हँकुव्हरला रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांना दिसलं की हे चक्क ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढून घेतं, ओ२ प्लस (एक इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा रेणू) असलेला क्षार तयार होतो! मग त्यांनी आयनीकरण ऊर्जेचे, म्हणजे एक इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे, आकडे बघितले, ऑक्सिजनच्या रेणूला मोलमागे साधारण ११६५ किलोज्यूल आणि झेनॉन या निष्क्रिय वायूला ११७०, म्हणजे जवळपास सारखंच. मग झेनॉन का नाही? मार्च १९६२ मध्ये लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र सोडले तर खोलीच्या तापमानालाच पिवळसर नारिंगी घन पदार्थ खाली बसला, आणि निष्क्रिय वायू कुणाशीच संयोग करत नाहीत हा समज तिथेच मोडला. माझ्या मते अख्ख्या अकार्बनी रसायनशास्त्रात एवढा साधा आणि एवढा धाडसी प्रयोग क्वचितच सापडेल.

बार्टलेटनी त्या पदार्थाला झेनॉन प्लस आणि पीटीएफ६ मायनस (इलेक्ट्रॉन मिळालेलं प्लॅटिनम हेक्झाफ्लोराईड) असं लिहिलं होतं पण तो एकच शुद्ध पदार्थ नव्हता असं पुढे कळलं, त्यात झेनॉनला एक फ्लोरिन चिकटलेला एक्सईएफ प्लस आयन असतो, त्यामुळे जुन्या पुस्तकात झेनॉन हेक्झाफ्लोरोप्लॅटिनेट एवढंच सूत्र दिसलं तर ते अर्धंच खरं धरायचं.