पाव मिलिसेकंद कोणी खाल्ला?

सप्टेंबर 2024 मध्ये लिनक्सला रिअल-टाइम बनवणारं ‘प्रीएम्प्ट-आरटी’ एकदाचं त्याच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, दाखल झालं. जवळपास वीस वर्षं ते वेगळ्या पॅचच्या (वरून जोडायच्या बदलांच्या) रूपात वाढत होतं. बातमी वाचून अनेकांचा समज झाला की लिनक्स आता सुसाट पळणार. छे! रिअल-टाइम म्हणजे वेगवान नव्हे, वेळेवर. दर मिलिसेकंदाला आज्ञा लागणाऱ्या रोबोटला सरासरी उशिराशी देणंघेणं नसतं. एकच मोठा उशीर त्याचा हात भलतीकडे नेतो.

हा उशीर ‘सायक्लिकटेस्ट’ नावाचा प्रोग्रॅम मोजतो. अमुक क्षणी उठवा असं सांगून झोपायचं, आणि उठल्यावर किती उशीर झाला ते लिहायचं, एवढंच त्याचं काम. समजा रात्रभर आकडे दहा-वीस मायक्रोसेकंदांत राहिले आणि मध्येच एकदा 250, म्हणजे पाव मिलिसेकंद, उमटला. पहिला संशय एखादं उपकरण चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमवर जातो. पण कर्नलच्या हालचाली टिपणाऱ्या ‘एफट्रेस’ची नोंद उघडली तर दोन ओळींमध्ये नुसती पोकळी. तेवढा वेळ कर्नलने काही केलेलंच नाही.

अशा वेळी एसएमआय, म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवायला लावणारा इशारा), तपासावा. तो आला की प्रोसेसर आपली सगळी अवस्था मेमरीच्या राखीव कोपऱ्यात ठेवतो आणि बायोसमधला, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधला, कोड चालवू लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमला ना वर्दी, ना त्याला रोखायची सोय. बहुधा सगळेच कोअर, म्हणजे प्रोसेसरचे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, एकदम आत ओढले जातात, त्यामुळे एखादा कोअर रिअल-टाइम कामासाठी राखून ठेवला तरी सुटका नाही. काम आटोपलं की ‘आरएसएम’ ही सूचना सगळं होतं तसं मांडते. भूल उतरलेल्या रुग्णासारखी कर्नलची गत होते: मधलं काही आठवत नाही, घड्याळ मात्र पुढे गेलेलं.

त्या घड्याळावरूनच चोर धरायचा. कर्नलमधलाच ‘एचडब्ल्यूलॅट’ हा ट्रेसर (माग काढणारं साधन) एका कोअरवरचे इंटरप्ट बंद करून टीएससी हा प्रोसेसरमधला काउंटर सतत वाचत बसतो. लागोपाठच्या दोन वाचनांत 10 मायक्रोसेकंदांहून जास्त अंतर पडलं की नोंद. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत हेक्स 34 क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या नोंदकप्प्यात) मशीन सुरू झाल्यापासून आलेल्या एसएमआयची मोजदादही असते. घड्याळाने उडी मारली आणि त्याच वेळी ही मोजणीही वाढली, तर शंकेला जागा नाही. ‘मशीनचा मूड असतो’ म्हणत लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनी हे रजिस्टर जरूर वाचावं.

कारणं अगदी किरकोळ निघतात. यूएसबी कीबोर्डला जुन्या पद्धतीचा भासवणं, पंख्याचा वेग, मेमरीतल्या दुरुस्त चुकांची नोंद. कीबोर्डचं सोंग बायोसच्या मेनूतून बेलाशक बंद करावं. पण सगळेच एसएमआय सरसकट बंद करू नयेत. काही बोर्डांवर प्रोसेसर तापून जळू नये याची व्यवस्थाही त्यांच्याच भरवशावर चालते.