सुचणे (खान्देशातील दाखल्यांसह)

सुचणे म्हणजे आधी मनात नसलेली जोडणी एकाएकी मनात येणे. अडचणीवरचा तोडगा, ओवीचा पुढचा चरण, गणिताची रीत, नवा धंदा, काहीही असो. मराठीत या क्रियेचा कर्ता माणूस नसतो. ‘मी सुचलो’ असे कोणी म्हणत नाही, ‘मला सुचले’ असेच म्हणतात. स्फुरणे, उमगणे यांचेही तेच. अहिराणीत ‘मला’चे ‘माले’ होते, लेवा बोलीत ‘मले’, पण रचना बदलत नाही. भाषेने इथे नेमके ओळखले आहे की कल्पना हुकूम देऊन आणता येत नाही. तिच्या येण्याची वाट मात्र मोकळी करता येते. ती कशी मोकळी होते याचे ठळक दाखले तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठच्या प्रदेशात, म्हणजे खान्देशात, सापडतात. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि ती सहसा नजरेआड होते : सुचणाऱ्याइतकाच ऐकणारा आणि टिपून ठेवणारा मोलाचा असतो.

हा विचार आपल्याकडे जुना आहे. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्याच्या उगमाला तीन गोष्टी एकत्र लागतात असे सांगितले : उपजत शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे पाहून-वाचून आलेली निपुणता आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास. त्याच्या आधीच्या राजशेखराने तर प्रतिभेचेच दोन भाग केले. कवीची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री. ऐकणाऱ्याकडेही प्रतिभा लागते, हे त्याने स्वच्छ मांडले. सुचण्याविषयीच्या अलीकडच्या चर्चेत हा दुसरा अर्धा भाग जवळजवळ गळूनच गेला आहे, आणि ते नुकसान मोठे आहे.

खान्देशात सुचण्याची गोष्ट निघाली की पहिले नाव बहिणाबाई चौधरींचे (१८८०–१९५१) येते. जळगावजवळच्या असोद्याचे त्यांचे माहेर, जळगावचे सासर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. गाणी सुचली ती शेतात आणि घरोटावर. घरोट म्हणजे जाते. पहाटेच्या अंधारात जात्याच्या पाळीसमोर बसायचे, एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे तोंडात सोडायचे. हाताला काम असते, पण ते इतके अंगवळणी पडलेले असते की मनाला त्यात गुंतावे लागत नाही. दगडाची घरघर एका लयीत चालते, म्हणजे छंद बाहेरून आणावा लागत नाही, तो हातातच असतो. समोर दिसणारे दाणा, पीठ, दगड, खुंटा हेच शब्द होतात. सुगरणीचे घरटे, पेरणी, खळे, विहिरीची मोट या रोजच्या वस्तू त्यांच्या गाण्यांत आल्या, त्या सजावट म्हणून आल्या नाहीत. जवळ जो माल होता त्यातूनच जोडणी झाली.

पण घरोटावर सुचलेले घरोटावरच विरून गेले असते. बहिणाबाईंचे चिरंजीव, कवी सोपानदेव, आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती गाणी ऐकता ऐकता उतरवून घेतली. बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली संग्रह छापून आला. कोणी लिहून घेतली नाहीत ती गाणी त्यांच्याबरोबर गेली. मराठी कवितेतला एवढा मोठा ठेवा कोणाच्या तरी हाताशी त्या घडीला कागद होता म्हणून आपल्यापर्यंत पोचला, ही गोष्ट प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे.

हात गुंतलेले आणि मन सैल असताना सुचते, याची नोंद शास्त्रज्ञांनीही केली आहे. फ्रेंच गणिती आँरी प्वांकारे एका गणितावर पंधरा दिवस झगडला होता. पुढे सहलीला गेला असता गाडीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता त्या कामातला महत्त्वाचा दुवा त्याला उमगला. इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलस याने १९२६ मध्ये या प्रवासाचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरणे, उजेड पडणे आणि पडताळा. यांतले मुरणे लोणच्यासारखे असते. बरणी वारंवार उघडून चालत नाही, पण आधी फोडी आणि मसाला भरलेला असावाच लागतो. नुसते हिंडून सुचते असा समज करून घेणाऱ्यांनी प्वांकारेचे ते आधीचे पंधरा दिवस विसरू नयेत.

कल्पना आभाळातून पडत नाही, आधीच्या वस्तूंच्या खांद्यावर उभी राहते, याचा उत्तम दाखला ठिबक सिंचनाचा. १९३०च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये सिम्खा ब्लास या पाणी-अभियंत्याला एका रांगेतले एकच झाड बाकीच्यांपेक्षा जोमदार दिसले. मुळाशी उकरले तर नळाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपत होते. कल्पना तिथेच सुचली, पण ती कामाला यायला प्लॅस्टिकच्या स्वस्त नळ्या निघेपर्यंत थांबावे लागले, आणि तिचे व्यापारी उत्पादन १९६५ नंतरच उभे राहिले. जळगावात ती रुजली तीही अशीच पायरीपायरीने. वाकोदचे भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली. मग शेतीची अवजारे, खते, बियाणे आले. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन हे पाचक द्रव्य काढायला सुरुवात केली. पुढे पीव्हीसी पाइप आले, आणि पाइप हाताशी असल्यामुळे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक आले. रॉकेलच्या दुकानातून थेट ठिबकवर उडी कोणालाच मारता आली नसती. प्रत्येक धंद्याने पुढच्या धंद्याचे दार तेवढे किलकिले केले. आज रावेर-यावलच्या केळीच्या बागांत झाडाच्या बुंध्याशी पसरलेल्या काळ्या नळ्या दिसतात, त्यामागे एवढी साखळी आहे.

काही कल्पनांना एकच धनी नसतो. धुळे जिल्ह्यातली पांझरेकाठची फड पद्धत काही शतके जुनी आहे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी आणायचे, लाभाच्या जमिनीचे मोठे फड, म्हणजे तुकडे, पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि दरसाल पिकांची पाळी फिरवायची. पाणी मालक देत नाही, गावाने नेमलेला पाटकरी देतो. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. म्हणून पाऊस कमी झाला की काही फड बंद ठेवतात आणि झळ सर्वांना सारखी बसते. पाणी, पीक आणि न्याय यांची ही गाठ एका बैठकीत बसलेली नाही. भांडणे होत गेली, तोड निघत गेली, जी टिकली ती रूढी झाली. कल्पनेचे हे संथ रूप आपण फार कमी वेळा कल्पना म्हणून ओळखतो.

ऐकणाऱ्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ मध्ये विनोबा भावे तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा अध्याय, अठरा रविवार. ती प्रवचने लिहून घेतली साने गुरुजींनी, जे त्याआधी अमळनेरला शिक्षक होते. ठरलेला वार, ठरलेला विषय, समोर ऐकायला आसुसलेली माणसे आणि त्यांच्यात वेगाने लिहिणारा एक हात : यांतले एकही कमी असते तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले नसते. दर रविवारी बोलायचेच आहे, या बांधिलकीत सुचण्याची मोठी ताकद असते. मोकळ्या वेळाची वाट पाहणाऱ्यापेक्षा ठरल्या वारी बसणाऱ्याला जास्त सुचते.

मग जास्त सुचावे म्हणून काय करावे? चारचौघांनी एकत्र बसून मनात येईल ते बोलत सुटावे, ही रीत अमेरिकी जाहिरात-व्यावसायिक अॅलेक्स ऑसबर्नने विसाव्या शतकाच्या मध्यात लोकप्रिय केली. पण येल विद्यापीठातल्या १९५८च्या प्रयोगात उलटे दिसले : तेवढीच माणसे वेगवेगळी बसवून त्यांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या गटाच्या कल्पनांपेक्षा अधिक आणि सरस निघाल्या. एक बोलतो तेव्हा बाकीच्यांना आपले तोंडातले शब्द धरून ठेवावे लागतात, आणि धरता धरता ते निसटतात. तेव्हा आधी एकट्याने लिहावे, मग पारावर किंवा ओट्यावर मांडावे. गटाची खरी गरज निवडायला आणि घासायला असते.

संख्याही लागते. दहा सुचल्या तर एखादी चांगली निघते, म्हणून वाईट कल्पनेची लाज बाळगू नये. आणि टिपण ठेवावेच. कृषी केंद्रातून मिळालेली खिशातली डायरी आपल्याकडे पुष्कळांजवळ असते. तिच्यात खताच्या गोण्या, मजुरांचे रोज, पाण्याच्या पाळ्या लिहितात. त्याच पानाच्या कडेला ‘या कोपऱ्यात कपाशी का पिवळी पडते’ एवढे लिहून ठेवले, तरी पुढच्या हंगामात जोडणीला माल तयार राहतो. नेटका प्रश्न हीदेखील अर्धी कल्पनाच आहे. फोनमध्ये आवाज भरून ठेवण्याची सोय आता कापूस वेचणाऱ्या बाईच्याही हाती आली आहे, आणि सोपानदेवांची वही ज्यांच्या घरात नाही त्यांच्यासाठी ती वहीच आहे.

शेवटी पाटण. चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या डोंगरपायथ्याचे हे गाव गणिती भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) नावाशी जोडलेले आहे. ६१ने गुणलेल्या वर्गात १ मिळवून पुन्हा पूर्ण वर्ग कसा मिळेल, हे कोडे फ्रेंच गणिती फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणित्यांना घातले. भास्कराचार्यांनी ते ११५० मध्येच सोडवले होते. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० इतके मोठे आहे. ज्या चक्रवाल, म्हणजे तीच कृती फिरून फिरून करण्याच्या, रीतीने ते निघते तिच्या मुळाशी ब्रह्मगुप्ताचे सातव्या शतकातले काम होते, मधला दुवा जयदेव या गणित्याचा होता, आणि आचार्य हिला चक्रवाल म्हणतात असे भास्कराचार्यांनी स्वतःच नोंदवले. पुढे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ उभारला. शके ११२८चा शिलालेख त्याची साक्ष देतो. मठ चालावा म्हणून गावाने काय द्यायचे तेही त्यात जुन्या मराठीत कोरले आहे : बाजारात विकायला येणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा, आणि जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल.