‘बंद’ सभा चालू असते: नाशिकमधील मद्यपींच्या स्वमदत गटांची पार्श्वभूमी

दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसाला नाशिकमध्ये ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या, म्हणजे एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहणाऱ्यांच्या, स्वमदत गटाची सभा शोधायची असते, तेव्हा सभा नसणे ही त्याची अडचण क्वचितच असते. सभा असते, पण तिच्या दारावर पाटी नसते. शाळेचा संध्याकाळी रिकामा होणारा वर्ग किंवा चर्चलगतची खोली आठवड्यातून एखाद-दोनदा तासा-दीड तासासाठी घेतली जाते आणि बाहेरून जाणाऱ्याला तेथे काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही. यात कोणाचा गलथानपणा नाही. ही रचना जाणूनबुजून स्वीकारलेली आहे.

या चळवळीचा आरंभ जून १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात झाला, असे मानले जाते. एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांशी बोलत राहून दारूपासून दूर राहू लागले. दारूपासून दूर राहण्यासाठी सदस्याने चढायच्या बारा पायऱ्या १९३९ मध्ये छापल्या गेल्या. गटांनी आपसांत आणि समाजाशी कसे वागावे हे सांगणाऱ्या बारा परंपरा १९५० मध्ये स्वीकारण्यात आल्या. त्यांपैकी अकरावी परंपरा नाशिककरांना आजही आडवी येते, कारण गटाने प्रचारावर नव्हे तर आकर्षणावर विसंबावे आणि सदस्याने प्रसारमाध्यमांत आपली ओळख उघड करू नये, असे ती सांगते.

भारतात असे गट १९५७ पासून आहेत. नाशिक त्या वेळी ज्या मुंबई राज्यात होते, तेथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होता. त्यामुळे ‘मी मद्यपी आहे’ हे चारचौघांत उच्चारलेले वाक्य आजाराच्या कबुलीबरोबरच गुन्ह्याचीही कबुली ठरू शकत होते. आडनाव न सांगण्याच्या परक्या प्रथेला आपल्याकडे असे कायद्याचे कारणही मिळाले. पुढे बंदी सैल झाली, मात्र तो कायदा रद्द झाला नाही. महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना आजही लागतो आणि तो प्रकृती राखण्याच्या कारणासाठी दिला जातो, हा विनोद सभेत नेहमीच हशा मिळवतो.

नाशिकच्या वाट्याला आणखी एक गुंता आला. राज्याचे द्राक्षप्रक्रियेचे धोरण २००१ मध्ये जाहीर झाले, दिंडोरी-निफाड भागात वायनरी वाढल्या आणि शहर ‘वाइन राजधानी’ म्हणून मिरवू लागले. सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला, तेव्हा वाइनला दारू म्हणावे की नाही यावर राज्यभर वाद रंगला. द्राक्षबागाईतदाराच्या दृष्टीने तो भावाचा प्रश्न होता आणि त्याची बाजू खोटी नव्हती. पण ज्याला पहिला पेलाच नको आहे, त्याच्या घरी या वादातून केवळ एक नवी सबब आली.

तरीही सर्वाधिक लोकांना वाट चुकवायला लावणारा शब्द याहून साधा आहे. सभांच्या यादीत वारापुढे आणि वेळेपुढे ‘खुली’ किंवा ‘बंद’ असे लिहिलेले असते. ‘मंगळवार, सायं. ७, बंद’ असे वाचून सातपूरच्या एखाद्या कामगाराची पत्नी गट बुडाला असे समजते, कारण आपल्याकडे दुकान बंद असते, गिरणी बंद असते, रस्ता बंद असतो. मूळ अर्थ मात्र एवढाच की, त्या सभेत फक्त दारू सोडण्याची इच्छा असलेल्यांनी बसावे. म्हणजे नवऱ्याला तेथे थेट जाता येते. त्याला नाव नोंदवावे लागत नाही, चिठ्ठी लागत नाही आणि शुल्कही पडत नाही, शेवटी फिरणाऱ्या थैलीत ऐच्छिक पैसे टाकले तरी चालते. पत्नीने खुल्या सभेला यावे किंवा १९५१ पासून नातेवाइकांसाठी वेगळ्या चालणाऱ्या ‘अल-अनॉन’ गटांकडे वळावे. ‘सदस्यांपुरती’ असा सरळ शब्द असताना ‘बंद’ का चिकटून राहिला, यावर जुने सदस्य सांगतात की त्या शब्दात भरवसा आहे, इथले बोलणे इथेच राहते. हे खरे असले, तरी तो भरवसा आत बसलेल्यांना मिळतो आणि त्याची किंमत दाराबाहेरचा माणूस मोजतो. प्रस्तुत लेखकाचे मत शब्द बदलावा असेच आहे.

दुसरा घोळ ‘केंद्र’ या शब्दाचा. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या प्रसिद्ध उपक्रमानंतर ‘व्यसनमुक्ती’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर निवासी केंद्र येते. सभा विचारणाऱ्याला म्हणून सहसा महिन्याभराच्या मुक्कामाचा खर्च ऐकवला जातो. केंद्रात डॉक्टर असतात आणि रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली तर झटके येण्याचा धोका असल्याने वैद्यकीय सल्ला टाळू नये. सभा मात्र उपचार करीत नाही आणि तसा दावाही करीत नाही. सरकारी समुपदेशनासाठी १४४४६ हा क्रमांक वेगळा आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत वर्ग आणि खोल्या बंद झाल्या, या वेळी खऱ्या अर्थाने, आणि सभा मोबाइलवर आल्या. खोल्या उघडल्यानंतरही त्यांपैकी काही सभा तशाच राहिल्या. अंबडच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीत असलेला, रात्री अकराला सुटणारा माणूस सायंकाळी सातच्या सभेला कधीच पोहोचू शकत नव्हता. आता तो कॅमेरा बंद ठेवून, नुसते पहिले नाव लिहून, परगावच्या रात्रीच्या सभेत बसू शकतो.