डायव्हिंग इन्स्ट्रक्टर म्हणून परदेशात जाताय? अर्ज अडतो तो इथे

मालवण, तारकर्ली, देवबागची पोरं पाण्यात कुणाला ऐकत नाहीत. अर्ज परत येतो तो कागदांमुळे.

पात्रता आधी उरकून घेऊ. डाइव्हमास्टर (इन्स्ट्रक्टरच्या आधीची पायरी) झालात म्हणजे कोर्स शिकवता येतो असं नाही. त्यासाठी पॅडी या आंतरराष्ट्रीय डायव्हिंग संस्थेचं ओपन वॉटर स्कूबा इन्स्ट्रक्टर किंवा तशाच मान्य संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. पॅडीकडे वय १८ पूर्ण, मग आयडीसी हा इन्स्ट्रक्टर घडवणारा कोर्स, त्यानंतर आयई ही इन्स्ट्रक्टरची परीक्षा आणि प्रथमोपचार शिकवण्याचं ईएफआर प्रमाणपत्र. पैसे आणि वेळ असेल तर हे होऊन जातं.

खरी रड लॉगबुकाची, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीची. आयडीसीला बसायला ६० आणि परीक्षेला १०० डाइव्ह नोंदवलेल्या हव्यात. त्यात रात्रीचा, खोल पाण्यातला आणि होकायंत्रावर दिशा धरून जाण्याचा अनुभवही दिसायला हवा. "काका, माझ्या पाच हजार तरी झाल्या असतील," म्हणणाऱ्याचं लॉगबुक उघडावं, तर चार पानं भरलेली आणि पुढे कोरं. किल्ल्याजवळ पर्यटकाचा हात धरून रोज खाली जाणाऱ्यानं तारीख, जागा, खोली, वेळ लिहिलीच नाही, तर दाखवणार काय? म्हणून एका रात्रीत वही भरायला बसू नका. एकानं आणलेली वही मी पाहिली आहे. सगळ्या नोंदी एकाच निळ्या पेनाच्या, आणि त्यात मालवणच्या डाइव्ह जुलैतल्या! जुलैत आपल्याकडे होडीसुद्धा पाण्यात नसते. आजपासून लिहा, सोबतच्या डायव्हरची सही त्याच दिवशी घ्या.

तारखांचे दोन घोळ नेहमीचे. डायव्हिंगसाठीचा वैद्यकीय दाखला १२ महिने चालतो, आणि ते डॉक्टरांनी सही केली त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही अर्ज भरला त्या दिवसापासून नाही. आणि पॅडीचं सभासदत्व कॅलेंडर वर्षाचं असतं. परीक्षा मेमध्ये पास झालात म्हणून ते पुढच्या मेपर्यंत चालेल असं धरू नका. डाइव्ह सेंटरचा मालक ऑनलाइन तुमचा सभासद नंबर टाकून बघतो, आणि नूतनीकरण झालेलं नसलं की तुमचा ईमेल तिथेच राहतो.

आता पासपोर्ट. त्यावर ईसीआर छापलंय का, आज बघा. ईसीआर म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शिक्का. काहीच छापलेलं नसेल तर उत्तम. दहावी पास असूनही काढताना मार्कशीट जोडली नाही म्हणून ईसीआर लागलेली कितीतरी मुलं आहेत. थायलंड, इंडोनेशिया, मलेशिया, ओमान, यूएई हे सगळे देश ईसीआर यादीत आहेत. तिथे नोकरीच्या व्हिसावर निघालात आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मंजुरी घेतलेली नसेल, तर विमानतळावरच थांबवतात. दहावीचं प्रमाणपत्र असेल तर आधी पासपोर्ट नव्याने काढून घ्या. मालदीव या यादीत नाही, पण तिथला सापळा वेगळा.

मालदीवला भारतीयांना ९० दिवसांचा पर्यटक व्हिसा फुकट मिळतो. "तसेच या, इथे आल्यावर करून देतो," असं रिसॉर्टवाला किंवा मधला माणूस सांगतो. पर्यटक म्हणून उतरून काम करणं बेकायदा आहे. पकडले गेलात की परत पाठवलं जाणार ते तुम्हाला, त्याला नाही. कामाच्या परवानगीचं पत्र हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

नाव सगळीकडे एकच हवं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि डायव्हिंगच्या कार्डावर नुसतं 'बाबू', असं चालत नाही. कार्ड काढतानाच पासपोर्ट समोर ठेवा.

पोलीस दाखला मागितला तर तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट). ठाण्यातून आणलेला चारित्र्याचा दाखला तिकडे कुणी वाचत नाही, आणि हे ठाण्यातही कुणी सांगत नाही.

एजंट गाठलाच, तर त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये, वर जीएसटी. पावती देत नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या.