चवळीच्या मुळावरची गुलाबी गाठ

शाळेत शेती शिकवायला बाग असावी का असं कोणी विचारलं की मी आधी चवळीचं एक रोप उपटून दाखवते. बी पेरून महिनाभर झालेलं, मुळं अलगद पाण्यात धुतलेली. मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतात, त्यातली एक नखाने फोडली की आत चक्क गुलाबी रंग!

हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा नातेवाईकच. गाठीत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, झाड त्यांना साखर पुरवतं आणि ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करून देतात. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आहे पण झाडाला तो तसाच घेता येत नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात करायचा तर ४००-५०० अंश तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो, आणि इथे हेच काम ओल्या मातीत, आवाज न करता चाललेलं असतं. फक्त ज्या एन्झाइमने, म्हणजे क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, हे होतं ते ऑक्सिजनचा संपर्क आला की बिघडतं, म्हणून ते गुलाबी द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर समजायचं की काम सुरू झालेलं नाही किंवा संपलंय.

आपले शेतकरी 'हरभऱ्याचा बेवड चांगला' म्हणतात ना, म्हणजे हरभऱ्यानंतर त्याच रानात पुढचं पीक जोरात येतं, त्यामागे या गाठींचा मोठा हात आहे. पुण्यातल्या किती मुलांना बेवड हा शब्द माहीत असेल?

जागा नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, हे मान्य. पण भाजीचे दोन क्रेट आणि माती गच्चीवर सहज मावते. दोन्हीत चवळी लावा, एकात थोडा युरिया टाका, दुसऱ्यात नको. महिन्याने मुलांनाच गाठी मोजू द्या. युरियावाल्या क्रेटमध्ये बहुतेक कमी भरतील, कारण आयता नायट्रोजन मिळाला की झाड जिवाणूंना पोसत बसत नाही. हे मुलांनी स्वतः मोजून काढलं तर ते आयुष्यभर विसरणार नाहीत, आणि पालक म्हणतात तसं यात अभ्यास बुडत नाही, हाच अभ्यास आहे. आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठीच, शेतीसकट.

खरी अडचण मे महिन्याच्या सुट्टीची, पाणी कोण घालणार? म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की लगेच पेरायचं, पाऊस असतोच आणि ऑगस्टमध्ये शेंगा हातात येतात. शेंगा तोडल्या की रोपं जमिनीलगत कापायची, मुळं मातीतच राहू द्यायची आणि दिवाळीनंतर त्याच क्रेटमध्ये पालक लावायचा, शेजारी एक नव्या मातीचा क्रेट ठेवून. बेवडाचा पालक किती वाढतो ते पट्टी घेऊन मुलंच मोजतील.