कंपनीतली वजनाची मीटिंग आली कुठून?

दर गुरुवारी दुपारी चारला भोसरीतल्या आमच्या कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये आम्ही चौदा जण वजन उतरवण्यासाठी जमायचो. दाराशी ओएचसीतून, म्हणजे कंपनीच्या दवाखान्यातून, उचलून आणलेला वजनकाटा. काट्यावर चढण्याआधी जो तो चपला काढायचा, मग खिशातल्या किल्ल्या, मग मोबाइल, शेवटी गळ्यातलं आयकार्डसुद्धा. पहिल्या दिवशी सिस्टरने माझा आकडा मोठ्याने वाचला. रांगेत माझ्या मागे माझ्याच सेक्शनचे साहेब उभे होते. तो क्षण मी विसरलेले नाही. ही पद्धत कुणी सुरू केली, हे शोधायला मी लागले ती त्या दिवसापासून.

अशा बैठकांची चौकट आता बरीच ठरून गेली आहे. बारा ते सोळा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाऊण तास ते तासभर. आधी वजन, मग गेल्या आठवड्यात काय जमलं-काय नाही यावर बोलणं, मग एखादा विषय आणि घरी जाताना एक छोटं काम. या चौकटीचे तुकडे वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या कारणांसाठी तयार झाले आहेत. काही तर वजन वाढवण्यासाठी.

१९०५ साली बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी गरीब क्षयरोग्यांचा ‘वर्ग’ सुरू केला. सॅनेटोरियमचा खर्च या लोकांना झेपणारा नव्हता. तेव्हा औषधही नव्हतं; विश्रांती, मोकळी हवा आणि भरपूर खाणं हाच उपचार. प्रॅटनी त्यांना घरीच राहायला सांगितलं, हातात एक वही दिली, रोजचं सगळं तीत लिहायला लावलं आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांना एकत्र बोलवलं. इथे वजन वाढणं ही आनंदाची बातमी होती. बरा होत चाललेला शेजारी समोर बसलेला पाहून बाकीच्यांना उभारी येते, हे प्रॅटच्या लक्षात आलं. गटोपचाराच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण इथूनच करतात. आठवड्याची भेट आणि वही या दोन्ही गोष्टी आजच्या बैठकीत तशाच्या तशा आहेत.

दुसरा तुकडा युद्धकाळातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगलं मांस सैन्याकडे जाऊ लागलं. जनावराचं हृदय, गुर्दे असे भाग घराघरांत शिजावेत, असं सरकारला वाटत होतं. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने आयोवात गृहिणींच्या गटांवर प्रयोग केला. काही गटांना उत्तम व्याख्यान दिलं, पोषणमूल्यं सांगितली, पाककृती वाटल्या. बाकीच्या गटांत बायकांनाच आपसात बोलू दिलं: घरात कोण नाक मुरडेल, वास कसा घालवायचा, करून बघायचं का. शेवटी ‘कोण करून बघणार?’ म्हणून हात वर करायला सांगितले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी असा पदार्थ केला होता, आपसात बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के बायकांनी.

मला या सगळ्या इतिहासात ३ आणि ३२ या आकड्यांची जोडी फार मोलाची वाटते. आजही कंपन्यांत आहारतज्ज्ञ बोलावतात, चाळीस स्लाइड दाखवतात, टाळ्या होतात आणि लोक कॅन्टीनकडे वळतात. अशा व्याख्यानाला वजनाची बैठक म्हणू नये. बैठकीत बोलायचं असतं ते बसलेल्यांनी.

युद्धानंतर १९४८ मध्ये मिलवॉकीत एस्थर मान्झ या गृहिणीने शेजारणींना घेऊन ‘टॉप्स’ नावाचा गट सुरू केला. नफा कमवायचा नाही, एकमेकींना धरून ठेवायचं. बाळंतपणाआधीच्या वर्गांत बायका एकमेकींना जसा धीर देतात, तसा वजन उतरवतानाही देता येईल, हा तिचा विचार होता. दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चं उदाहरणही समोर होतं, ती चळवळ १९३५ पासून चालू होती. पुण्यातल्या मुक्तांगणमुळे आपल्याकडे बऱ्याच जणांना हे वर्तुळ ओळखीचं आहे: जो त्यातून गेलाय तोच पुढच्याचा हात धरतो.

आणि मग न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली जीन निडेच. १९६१ सालची गोष्ट, वजन २१४ पौंड, म्हणजे जवळजवळ ९७ किलो. दुकानात एक ओळखीची बाई भेटली, ‘काय छान दिसतेस’ म्हणाली आणि विचारलं, बाळ कधी? जीन गरोदर नव्हती. ती शहराच्या आरोग्य खात्याच्या स्थूलता क्लिनिकमध्ये गेली. तिथे डॉ. नॉर्मन जॉलिफ यांनी आखलेला आहार मिळाला आणि वजन उतरायलाही लागलं. पण एक गोष्ट तिने क्लिनिकमध्ये सांगितली नव्हती. ती बाथरूममधल्या धुण्याच्या टोपलीत बिस्किटं लपवून ठेवायची आणि रात्री एकटी बसून खायची. क्लिनिकमधल्या शिस्तशीर बाईंना हे सांगायची तिला हिंमत होईना.

शेवटी तिने सहा जाड मैत्रिणींना घरी बोलवलं आणि टोपलीची गोष्ट सांगून टाकली. मग प्रत्येकीने आपापली लपवायची जागा सांगितली. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा जमल्या, मग मैत्रिणींच्या मैत्रिणी यायला लागल्या. वर्षभरात जीन १४२ पौंडांवर, म्हणजे ६४ किलोंवर आली. मे १९६३ मध्ये लिपर्ट दांपत्याच्या साथीने ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी उभी राहिली. गट चालवणारी व्यक्ती स्वतः याच वाटेने वजन उतरवलेली हवी, हा नियम पहिल्यापासून होता. १९७८ मध्ये हाइन्झ या खाद्यपदार्थांच्या बलाढ्य कंपनीने वेट वॉचर्स विकत घेतली. केचप विकणाऱ्यांनी वजन उतरवण्याचा धंदाही घ्यावा, हे मला खटकतं. पण आहाराचा कागद सरकारी क्लिनिकमध्ये फुकट मिळत होता आणि तरीही लोक पैसे देऊन बैठकीला येत होते, ते टोपलीची गोष्ट सांगता येते म्हणून, हेही तितकंच खरं.

डॉक्टर मंडळी याकडे जरा उशिराच वळली. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातले अल्बर्ट स्टंकार्ड हे मनोविकारतज्ज्ञ त्यातले महत्त्वाचे. त्यांनी टॉप्सच्या गटांचा अभ्यास करून १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधी १९६७ मध्ये रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ रुग्णांवर नवी पद्धत वापरली होती: काय, कधी, कुठे आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्लं ते लिहायचं; एकाच जागी बसून खायचं; घासाघासांत थांबायचं. आजच्या बैठकीत मिळणारा खाण्याचा तक्ता या घराण्यातला. आमच्याकडे तो मिळाला तेव्हा दळवीकाकांनी, पेंट शॉपमधले, पहिल्या आठवड्यात प्रामाणिकपणे लिहून आणलं: चहा अकरा वेळा. आपण दिवसाला बावीस चमचे साखर पितो हे त्यांना त्या दिवशी कळलं. कुणी उपदेश केला नाही. पुढच्या गुरुवारी आकडा सहावर आला होता.

ही पद्धत कामाच्या जागी नेण्याचा प्रयोगही स्टंकार्ड आणि त्यांचे सहकारी केली ब्राउनेल यांनीच केला. न्यूयॉर्कमधल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये काम करणाऱ्या युनियनच्या बायकांसाठी कामाच्या जागीच वर्ग घेतले. वजनं उतरली, पण अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांची संख्याही मोठी होती. मग त्यांनी चुरस आणली. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन बँकांमध्ये स्पर्धा लावली होती, दोन उद्योगांतही अशाच स्पर्धा झाल्या. गळती १ टक्क्याहून कमी आणि सरासरी घट साडेपाच किलो! हा आकडा पाहिल्यावर व्यवस्थापनांचे डोळे चमकले नसते तरच नवल. ऑफिसातली ‘वेट लॉस चॅलेंज’, डिपार्टमेंटांच्या टीम, नोटीस बोर्डावरचे तक्ते हे सगळं या कुळातलं आहे.

इथे इतिहासाला एक वळण लागलं आणि त्याचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. टॉप्समध्ये किंवा जीनच्या दिवाणखान्यात कुणी कुणाचा साहेब नव्हता. वजन कळलं तर ते मैत्रिणींना कळायचं. कंपनीत तेच वजन पगार ठरवणाऱ्याला कळू शकतं. शिवाय अमेरिकेत आरोग्यविम्याचा मोठा भार मालकावर असल्याने त्याला यात पैसा दिसू लागला. जॉन्सन अँड जॉन्सनने सत्तरच्या दशकाच्या शेवटी ‘लिव्ह फॉर लाइफ’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यामागे कर्मचारी निरोगी राहिले तर खर्च वाचेल हा हिशोब होता. २०१० च्या आरोग्य कायद्याने तर ठरावीक आरोग्य-उद्दिष्टं गाठणाऱ्याला विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सवलत द्यायला मालकांना मुभा दिली. ती २०१४ पासून लागू झाली. ज्याला सवलत मिळाली नाही त्याच्या बाजूने पाहिलं तर तो दंडच.

फायदा किती होतो? कामाच्या जागच्या आहार-व्यायाम कार्यक्रमांच्या ४७ अभ्यासांचा आढावा २००९ मध्ये निघाला. सहा महिने ते वर्षभरात सरासरी घट होती २.८ पौंड, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकान-साखळीतल्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. दीड वर्षानंतर कार्यक्रम असलेल्या आणि नसलेल्या दुकानांतल्या लोकांच्या वजनात, रक्तदाबात, साखरेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. याउलट कामाच्या जागेबाहेरच्या गट-बैठकांचा एक मोठा अभ्यास २०११ चा आहे. जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ७७२ जणांपैकी बैठकांना पाठवलेल्यांचं वजन वर्षात सुमारे ५ किलो उतरलं, नेहमीचा डॉक्टरी सल्ला मिळालेल्यांचं सव्वादोन. हे अभ्यास एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पण मेलवर पाठवलेली पत्रकं आणि दर आठवड्याची गाठभेट यांना एकाच ‘वेलनेस’च्या पिशवीत कोंबलं की गाठभेटीचं बळ दिसेनासं होतं, असं माझं मत झालं आहे.

आपल्याकडची गोष्ट जराशी वेगळी आहे आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो हे वर्षानुवर्षं मांडलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तोच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. २००९ मध्ये भारतीयांसाठी वेगळ्या रेषा ठरल्या: बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन, २५ पासून स्थूलता, कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत. म्हणून कंपनीतल्या बैठकीत नुसता काटा असेल आणि टेप नसेल, तर अर्धी माहिती दाराबाहेरच राहिली. आमच्या गटात एक सडपातळ मुलगा होता, बीएमआय २३ च्या आत. सगळे त्याला ‘तू कशाला आलास’ म्हणायचे. कंबर भरली ९४.

गटाने शिकण्याचा उपयोग होतो याचा पुरावाही आता आपल्याच देशातला आहे. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या प्रयोगात (२००२, ३,२३४ जण) ७ टक्के वजन उतरवण्याचं उद्दिष्ट आणि व्यायाम यांनी मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, पण तिथे शिकवणी एकेकट्याची होती आणि महागडी. चेन्नईत त्याच धड्यांना गटाच्या वर्गाचं रूप दिलं. ५७८ जणांच्या या अभ्यासाचे निकाल २०१६ मध्ये आले: मधुमेहाचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी कमी.

आणि कॅन्टीन. ज्या वर्षी मिलवॉकीत टॉप्स सुरू झालं त्याच १९४८ सालच्या आपल्या कारखाने कायद्याने २५० हून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद केली आणि ते चालवण्यात कामगारांच्या प्रतिनिधींना जागा दिली. तेव्हा प्रश्न पोट भरण्याचा होता. भात हवा तितका, ही त्या काळची मोठी कमाई होती आणि तिचा मान राखायलाच हवा. पण गुरुवारी चारला तक्ता भरायचा आणि साडेचारला त्याच इमारतीत सामोसा आणि गोड चहा समोर यायचा, यात माणसाच्या निग्रहाची फुकटची परीक्षा होते. आमच्या गटाने पाचव्या आठवड्यात कॅन्टीन कमिटीत अर्ज दिला: चहा बिनसाखरेचा ठेवा, साखर बाजूला, भाताच्या आधी उसळ वाढा. दोन्ही मान्य झालं. वजनाचं म्हणाल तर बारा आठवड्यांत माझं साडेतीन किलो उतरलं, पहिले दीड किलो पहिल्या तीनच आठवड्यांत. सुरुवातीला शरीरातलं पाणीही उतरतं, म्हणून आकडा भराभर पडतो आणि मग अडतो. अडला की माणसं यायची बंद होतात. तेव्हाच गट लागतो.

आमच्यातल्या एक ताई मात्र आठव्या आठवड्याला थांबल्या, आणि ते वजनामुळे नाही. सगळ्यांच्या नावापुढे किलो लिहिलेला तक्ता कुणीतरी उत्साहाने एचआरच्या बाहेर लावला होता. त्यांचं वजन वाढलं होतं, थायरॉईडच्या गोळ्या बदलल्या होत्या, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तक्ता दुसऱ्या दिवशी उतरवला. त्या परत आल्या नाहीत.

पुढची तुकडी सुरू झाली तेव्हा आम्ही जुन्या लोकांनी आधीच काही गोष्टी ठरवून घेतल्या. काटा पडद्यामागे. आकडा फक्त ज्याच्या-त्याच्या डायरीत. सांगायचा असेल तर किती फरक पडला तेवढाच सांगायचा. ओएचसीची नोंद एचआरकडे जाणार नाही हे लेखी. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना भेटून यायचं, कारण खाणं बदललं की डोसही बदलावा लागू शकतो. साहेब लोकांचा गट वेगळा. आणि गट चालवायला बाहेरून कुणी नको, दळवीकाकाच. आता ते दिवसाला तीन चहा पितात. पहिल्या गुरुवारी नवीन लोकांसमोर त्यांनी आपला जुना तक्ता धरला आणि ती अकराची ओळ वाचून दाखवली. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग स्टोअर्समधली एक मुलगी म्हणाली, “काका, माझ्या ड्रॉवरमध्ये फरसाणचं पाकीट असतं.”